न सुटणारा हँडब्रेक

लिव्हर खाली केला, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन दबलं, धूर काळा झाला आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आपोआप रेसकडे जातो. जोर लावला की सुटेल, हा हिशेब असतो आणि तो कधीकधी खरा ठरतो, हीच पंचाईत. सुटतो तेव्हा झटक्यात सुटतो, ट्रॅक्टर उडी मारतो, आणि समोर बागेचा खांब, विहिरीचा कठडा नाहीतर माणूस असतो. सुटला नाही तर क्लच प्लेट जळते. हँडब्रेकचं काम बहुतेक वेळा पान्या-पकडीत भागतं. क्लचसाठी मात्र ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो.

लहान ट्रॅक्टर म्हणजे इथे साधारण १५ ते ३० अश्वशक्तीचा, अरुंद बांध्याचा. जपानमध्ये भाताच्या छोट्या खाचरांसाठी ही जात वाढली. कुबोटाने १९६९ मध्ये २१ अश्वशक्तीचा एल-२०० अमेरिकेच्या बाजारात नेला. आपल्याकडे नाशिक, सांगली, सोलापूर भागातल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांनी या ट्रॅक्टरांना जागा करून दिली. आठ-दहा फुटांवर लावलेल्या ओळींमधून मोठं धूड फिरवणं अवघड, आणि फवारणीचा ब्लोअर तर हंगामात सारखा आत-बाहेर करावा लागतो. महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा युवराज, मित्सुबिशीच्या सहकार्यातून आलेला व्हीएसटीचा शक्ती, कुबोटाचे निओस्टार ही नावं बागायतदारांच्या तोंडी असतात. प्रत्येकाची ब्रेकची रचना थोडी वेगळी आहे, पण मूळ कल्पना सारखीच.

उजव्या पायाशी दोन ब्रेक पेडलं असतात. डावं पेडल डाव्या मागच्या चाकाचं, उजवं उजव्याचं. रस्त्यावर दोन्ही पेडलं लॉकने एकमेकांना जोडायची. बागेत ओळीच्या टोकाला वळताना लॉक काढून एकच दाबायचं, म्हणजे आतलं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर थोडक्या जागेत वळतो. हँडब्रेक म्हणून जो लिव्हर असतो, त्याला बहुतेक लहान ट्रॅक्टरांत स्वतःचा वेगळा ब्रेक नसतोच. तो या पेडलांचेच ब्रेक धरून ठेवतो. कुठे लिव्हर केबलने किंवा रॉडने तेच लिंकेज ओढतो, तर कुठे नुसता आकडा असतो: पेडल दाबायचं, आकडा अडकवायचा, पाय काढून घ्यायचा. म्हणजे ‘हँडब्रेक सुटत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा ‘पायाचा ब्रेक परत येत नाही’ अशी असते. लिव्हरशी झटापट करून काही उपयोग होत नाही.

खरी मेख आहे ती जोराच्या विषमतेत. ब्रेक लागतो माणसाच्या जोराने. पाय पेडलवर चाळीस-पन्नास किलोचा भार सहज टाकतो आणि पेडलची लांब भुजा तो आणखी काही पटींनी वाढवते. सुटताना मात्र मागे ढकलायला कोणी नसतं. पेडल, आडवा शाफ्ट, रॉड, ब्रेकचा आर्म, आतल्या प्लेटा, हे सगळं मूळ जागी आणायचं काम एक-दोन स्प्रिंगांवर सोपवलेलं असतं. एखाद्या पिनेत गंज चढला तर पाय त्या गंजाला जुमानत नाही, स्प्रिंग जुमानते. म्हणूनच हा बिघाड ब्रेक लावताना कधी जाणवत नाही. ब्रेक ‘मस्त’ लागतो, आदल्या दिवसापर्यंत कुणाची काही तक्रार नसते. ‘लिव्हर तर नीट ओढला जातोय, म्हणजे केबल चांगली आहे,’ हा गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारा निष्कर्ष याच कारणाने चुकीचा असतो. केबल ओढली जाते, याने फक्त ती तुटलेली नाही एवढंच कळतं. शोधायची गोष्ट एकच: परतीच्या वाटेवर नेमकं काय अडलं आहे.

शोध सुरू करण्याआधी चाकांना दगड लावायचे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि नेमकं याच कामात विसरलं जातं, कारण ट्रॅक्टर अडकलेलाच तर आहे, तो कुठे पळणार, असं वाटतं. पण आपण तो सुटावा म्हणूनच खाली वाकलेलो असतो. पिन निघाली की तो सुटतो, आणि जमीन जराशी जरी उतरती असली तरी चालू लागतो. म्हणून चाकांच्या पुढून आणि मागून लाकडी गुटके किंवा दगड, मागचं अवजार जमिनीला टेकवलेलं, इंजिन बंद आणि किल्ली खिशात. इंजिन चालू ठेवून एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने मागच्या चाकाजवळ डोकं घालून बघायचं, ही पद्धत सर्रास दिसते. तिच्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

मग आधी हे ठरवायचं की अडलेला ब्रेकच आहे. गिअर अर्धवट अडकला असेल, किंवा हाय-लोचा लिव्हर एका जागी आणि मुख्य गिअर दुसऱ्या कुठल्यातरी अवस्थेत असेल, तरी ट्रॅक्टर ढकलला जात नाही. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनच्या ट्रॅक्टरला क्लच-गिअरचा खेळ नसतो. तिथे रेंजचा लिव्हर न्यूट्रलला आणल्याशिवाय चाकं हाताने फिरणारच नाहीत, कारण बंद पंपातलं तेल त्यांना धरून ठेवतं. काही मॉडेलांत हँडब्रेकऐवजी गिअरमध्येच ‘पार्क’ची खाच असते. असा ट्रॅक्टर उतारावर उभा केला तर सगळं वजन आतल्या खटक्यावर येतं आणि लिव्हर हलत नाही. दोघांनी मिळून ट्रॅक्टर चढाच्या दिशेने किंचित रेटला की लिव्हर लोण्यासारखा निघतो. उलट डॅशबोर्डवरचा लाल दिवा जळतोय म्हणून ब्रेक अडकला असंही नाही. तो दिवा लिव्हरपाशी बसवलेल्या छोट्या बटनस्विचवर चालतो, आणि त्या बटनात माती बसली की ब्रेक मोकळा असूनही तो जळत राहतो.

खात्री करायचा साधा उपाय म्हणजे जॅक. गिअर न्यूट्रलला, डिफरन्शियल लॉक सुटलेला, हँडब्रेक खाली. एक मागचं चाक उचलायचं, ॲक्सलखाली भक्कम आधार द्यायचा आणि चाक हाताने फिरवायचं. मोकळ्या ब्रेकचं चाक जड पण सलग फिरतं. अडलेलं फिरतच नाही, किंवा घासत घासत फिरतं. मग दुसरी बाजू. दोन्ही चाकं सारखीच जाम असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे लिव्हर, खटका किंवा आडव्या शाफ्टमध्ये असण्याची शक्यता जास्त. एकच चाक जाम असेल तर त्या बाजूचा रॉड, आर्म किंवा ब्रेक. बागेतल्या ट्रॅक्टरांत याला एक खास कारण असतं. दिवसभर वळणांसाठी पेडल लॉक काढलेलं असतं, संध्याकाळी ते न लावताच हँडब्रेक ओढला जातो, आणि आकडा धरतो एकाच पेडलाला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर एका अंगाला ओढत निघतो आणि संशय बिचाऱ्या टायरच्या हवेवर जातो.

आता पायदानाखाली बघायचं. लिव्हर खाली असताना पेडलं पूर्ण वर आली आहेत का? नसतील, तर हाताने वर ओढून बघायची. हाताने येतात आणि तिथेच राहतात, म्हणजे स्प्रिंग तुटली, ढिली पडली किंवा तिचा हूक निसटला. हाताने येतात पण जड येतात, म्हणजे पेडलांचा शाफ्ट बुशात धरतो आहे. या शाफ्टला बहुतेक ट्रॅक्टरांत ग्रीसचं निप्पल असतं, आणि ते अशा जागी असतं की ग्रीसगनचं तोंड तिरकं करूनच पोचतं. त्यामुळे ट्रॅक्टरवर सगळ्यात कमी ग्रीस खाणाऱ्या निप्पलांत त्याचा नंबर वरचा. मुळीच येत नाहीत, तेव्हा खटका बघायचा.

खटका आणि दातेरी पट्टी ही हँडब्रेकची सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी जोडी. लिव्हरच्या टोकाचं बटन दाबलं की आतली काडी खटक्याला दातातून बाहेर काढते. पण ब्रेक लागलेला असताना पूर्ण ताण त्या एका दातावर असतो. अशा वेळी बटन नुसतं दाबून खटका निघत नाही. लिव्हर आधी आणखी थोडा ओढायचा, किंवा पेडलं पायाने खोल दाबायची, म्हणजे दातावरचा भार पायावर येतो आणि खटका मोकळा होतो. पुष्कळ ‘अडकलेले’ हँडब्रेक एवढ्यावर सुटतात. जे ओढून-ताणून, बटनावर हातोडी मारून सोडवले जातात, त्यांच्या दातांच्या कडा हळूहळू वळतात, आणि मग भार काढूनही खटका दातात रुतून बसतो. वळलेली कड कानशीने साफ करता येते. मात्र दात गोल झाला असेल तर तो घासून टोकदार करायच्या भानगडीत पडू नये. पट्टी आणि खटका दोन्ही बदलावेत. घासलेला दात शेडमध्ये धरतो आणि भरल्या ट्रॉलीसकट चढावर सुटतो.

खटकाही मोकळा असेल तर लिंकेजची साखळी मधोमध तोडायची. ब्रेकच्या आर्मला रॉड जिथे जोडलेला असतो, तिथे पिन आणि तिला स्प्लिट पिन असते. ती काढायची. या एका पिनेने सगळा प्रश्न दोन भागांत विभागला जातो, आणि फिटर मंडळी जे तासभर इकडेतिकडे ठोकून शोधतात ते इथे पाच मिनिटांत कळतं. पिन काढल्यावर आर्म आपोआप किंवा हाताच्या जोराने मागे गेला आणि चाक मोकळं झालं, तर दोष बाहेर: रॉड, केबल, शाफ्ट, लिव्हर यांपैकी कशाततरी. आर्म हललाच नाही, किंवा हलूनही चाक जामच राहिलं, तर दोष आत, ब्रेकमध्ये. बाहेरचा दोष निघाला तर खुशाल बसून काम करावं. आतला निघाला तर पुढचं काम बेत ठरवून, सवडीने.

बाहेरच्या दोषांत केबलचं प्रकरण जरा फसवं असतं. केबलच्या नळीचं रबरी टोपण फाटलं की पाणी आत जातं आणि नळीच्या सगळ्यात खोलगट वळणात साचतं. गंज तिथे धरतो, दिसणाऱ्या टोकांना नाही. बाहेर आलेली तार चकचकीत, आत मात्र ती नळीला चिकटलेली. दोन्ही टोकं सोडवून हाताने मागे-पुढे ओढून बघितल्याशिवाय हे कळत नाही. चिकटलेली केबल तेल ओतून मोकळी होते, पण थोड्या दिवसांसाठीच. ती बदलणं हाच उपाय. नवी बसवताना तिचा मार्ग जुन्यासारखाच ठेवावा. सायलेन्सरच्या जवळून नेलेली केबल आतलं अस्तर वितळून पुन्हा अडते.

पिना आणि बुश यांचा शत्रू गंज, आणि द्राक्षबागेत गंजाला एक जास्तीचा सोबती असतो: बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्दोचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवडा रोगावरचा उपाय म्हणून १८८५ मध्ये ते पुढे आणलं. मोरचूद आणि चुना यांचं हे निळं पाणी आजही आपल्या बागांत वापरलं जातं. मिश्रण बरोबर जमलं की नाही हे बघायला जुने बागायतदार त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोकळं तांबं शिल्लक आहे. त्या थराचा अर्थ असा की लोखंड विरघळून पाण्यात गेलं आणि त्याच्या जागी तांबं बसलं. शेतकरी ही परीक्षा वेलीच्या पानांची काळजी म्हणून घेतो. पण ब्लोअरचा तोच तुषार ट्रॅक्टरच्या मागच्या अंगावर, पायदानाच्या खाली, ब्रेकच्या पिनांवरही बसतो, आणि तिथे खिळ्याचं जे होतं तेच पिनेचं होतं. चुना नीट पडला असला तरी सुकलेला पांढरट थर ओल धरून ठेवतो, तांब्याचे कण लोखंडाला चिकटून राहतात, आणि दोन धातू ओलीत एकत्र आले की गंज लोखंडाच्या वाट्याला येतो. त्यात म्युरेट ऑफ पोटॅशसारख्या खतांची धूळ उडाली असेल तर तिच्यातलं क्लोराइड हे काम आणखी वेगाने करतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. पिन आणि बुश यांच्यात केसाएवढीच फट असते. ती भरून निघायला एक पावसाळा पुरतो.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारण्यांचा जोर असतो, तेव्हा ट्रॅक्टर धुतला जातो तोही वरून: बॉनेट, मडगार्ड, टायर. पायदानाखाली पाण्याची धार मारायची आणि सुकल्यावर पिनांना ग्रीस किंवा तेल द्यायचं, एवढं केलं तर या लेखातला निम्मा मजकूर वाचायची गरज पडणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. प्रेशर वॉशरची धार ब्रेकच्या सीलवर किंवा केबलच्या टोपणावर जवळून मारली तर पाणी आत घुसतं, आणि ज्यासाठी धुतलं तेच उलटं होतं.

जाम झालेली पिन काढायला आपल्याकडे रॉकेल, डिझेल आणि हल्ली डब्ल्यूडी-४० वापरतात. हे शेवटचं १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत तयार झालं, आणि नाव सांगतं त्याप्रमाणे ते पाणी हटवण्यासाठी, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. ते शिरतं चांगलं, पण वंगण म्हणून टिकत नाही. त्याने पिन मोकळी झाली की काम संपलं असं समजून लोक उठतात. खरं तर तेव्हा पिन काढून, पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून परत घालायची असते. आणि यातलं काहीही ब्रेकच्या दिशेने उडवायचं नाही. कोरड्या ब्रेकच्या लायनिंगला तेल लागलं की ब्रेक अडण्याऐवजी लागेनासा होतो, आणि तो बिघाड जास्त वाईट.

आतला दोष निघाला तर ब्रेक कोणत्या जातीचा हे माहीत हवं. जुन्या ट्रॅक्टरांत कोरडे ड्रम किंवा कोरड्या डिस्क असतात. अलीकडच्या बहुतेकांत तेलात बुडालेल्या डिस्क, ज्यांना सगळे ‘ऑइल ब्रेक’ म्हणतात.

ड्रमचा ब्रेक पावसाळ्यात लावून ठेवला की ओलं लायनिंग आणि ड्रम गंजाने एकमेकांना चिकटतात. चिखलणीला गेलेला ट्रॅक्टर तसाच उभा केला तर हे हमखास होतं. ड्रमच्या कडेवर लाकडी हातोड्याने फिरून फिरून ठोके दिले की हा जोड बहुधा सुटतो. लोखंडी घणाने नाही. बिडाचा ड्रम तडकतो. ड्रम उघडलाच तर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसांत कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

डिस्क ब्रेकमध्ये गमतीची रचना असते. दोन जाड प्लेटा समोरासमोर, त्यांच्यामध्ये उतरत्या खाचांत बसलेल्या पोलादी गोळ्या. आर्म ओढला की एक प्लेट दुसरीच्या तुलनेत जराशी फिरते, गोळ्या खाचांच्या चढावर चढतात आणि प्लेटा एकमेकींपासून दूर सरकून दोन्ही बाजूंच्या डिस्क दाबतात. अगदी थोडं फिरणं, अगदी थोडं सरकणं, पण दाब प्रचंड. सुटताना छोट्या स्प्रिंगा प्लेटांना परत जवळ ओढतात आणि गोळ्या खाचेच्या तळाशी येतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने खाचेच्या चढावर खळगा पडला तर गोळी त्या खळग्यात बसते आणि स्प्रिंग तिला बाहेर काढू शकत नाही. कोरड्या ब्रेकमध्ये हेच काम गंजही करतो. अशा ब्रेकला बाहेरून कितीही तेलपाणी केलं तरी फरक पडत नाही; प्लेटा बाहेर काढून बघाव्याच लागतात.

या डिस्क बहुतेक लहान ट्रॅक्टरांत चाकाला नसतात, त्याच्या आधीच्या शाफ्टवर असतात; पुढे शेवटच्या गिअरमध्ये वेग कमी होतो आणि जोर काही पटींनी वाढतो. म्हणूनच तळहाताएवढी डिस्क एवढं मोठं चाक धरून ठेवते. पण याची दुसरी बाजूही आहे. डिस्कवरचं किंचित घासणंही चाकाशी पोचेपर्यंत तितक्याच पटींनी मोठं होतं. पूर्ण न अडकलेला, नुसता घासणारा ब्रेक २० अश्वशक्तीच्या इंजिनाची दोन अश्वशक्ती खात असेल तर ती सुमारे १,५०० वॉट झाली, म्हणजे पाणी तापवायचा रॉड ॲक्सलच्या घरात दिवसभर चालू. ड्रायव्हर म्हणतो, ट्रॅक्टर हल्ली जड ओढतो, डिझेल जास्त खातो. थोडं चालवून उतरल्यावर दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या घरांजवळ हात नेऊन बघावा, न टेकवता. एक बाजू धगधगीत आणि दुसरी कोमट, तर पुढे शोधायला लागू नये.

तेलातल्या डिस्क गंजत नाहीत, असा समज आहे. तेलात पाणी नसेल तर तो बरोबर आहे. काठी काढून बघितल्यावर ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. असा ट्रॅक्टर ब्रेक लावून महिना-दोन महिने उभा राहिला की डिस्क आणि पोलादी प्लेटा चिकटतात. त्यांना सोडवायला लो गिअरमध्ये, कमी रेसवर, मोकळ्या सपाट जागेत एकदा पुढे एकदा मागे असा हलका झोका देता येतो. दोन-चार झोक्यांत सुटलं नाही तर थांबावं. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून नेणं तर नकोच. चिकटलेल्या डिस्कचं लायनिंग सोलून निघतं आणि त्याचा भुगा त्याच ऑइलमधून हायड्रॉलिक पंपात जातो. सुटल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलायचा, आणि भरायचं ते ओल्या ब्रेकांसाठी बनवलेलं ट्रान्समिशन ऑइल. नुसतं गिअर ऑइल स्वस्त पडतं, पण त्यात ब्रेक लागताना करकरतात आणि झटके देतात.

सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण माणसाने तयार केलेलं असतं: नको तितकं टाइट केलेलं लिंकेज. ब्रेक कमी लागतो अशी तक्रार आली की मेस्त्री रॉडचा चेकनट सोडतो, रॉड दोन-चार फेरे आखूड करतो, पेडल वरच लागतं, मालक खूश. पेडलाला ब्रेक धरण्याआधी जी मोकळी चाल हवी ती संपलेली असते. लहान ट्रॅक्टरांत ती मॉडेलप्रमाणे साधारण १५ ते ४० मिलिमीटर असते. नेमका आकडा ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तकात असतो आणि ते पुस्तक कपाटात. मोकळी चाल नसली की डिस्क सतत टेकलेली, टेकली की तापते, तापली की फुगते, फुगली की आणखी टेकते. सकाळी बरा चालणारा आणि दुपारी जाम होणारा, थंड झाल्यावर पुन्हा सुटणारा ब्रेक दिसला की आधी हाच संशय घ्यावा.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करायची. मग दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी करायची. केबल सगळ्यात शेवटी, लिव्हर दोन-चार दात चढल्यावर धरेल एवढीच. उलट क्रमाने केलं तर केबलच पेडलांना अर्धवट दाबून ठेवते आणि पेडलांची जुळवणी खोट्या जागेवरून होते.

ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल, तर सपाट जागा बघून, चाकांना दोन्हीकडून गुटके देऊन, गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडून ठेवलेला बरा. रोजच्या उभं करण्यात मात्र तो लावायचाच. काही मॉडेलांत क्लच पेडल दाबून अडकवायला एक आकडा दिलेला असतो; तोही याच कामासाठी, क्लच प्लेट चिकटू नये म्हणून.

काम झाल्यावर परीक्षा हलक्या उतारावर घ्यावी, खाली मोकळी जागा बघून आणि पाय पेडलवर तयार ठेवून. पेडल लॉक लावून हँडब्रेक ओढायचा आणि पेडलावरून पाय हळूहळू उचलायचा. ट्रॅक्टरचं तोंड एकदा चढाकडे, एकदा उताराकडे. दोन्ही वेळा धरला तर पेडलं दाबून लिव्हर सोडायचा, गिअर न्यूट्रलला, आणि पाय सावकाश उचलायचा. ट्रॅक्टर आपणहून सरकायला लागला पाहिजे. नाही सरकला, तर गुटके लावून पिनेपासून पुन्हा सुरुवात.